व्याह्यांचा चिमूटभर उजेड

सूर्यानं फुकट वाटलेल्या उजेडाविरुद्ध कायमची तक्रार असलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा आहे. व्याही पडले, तोंडावर काही बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी, समुद्र हाकेच्या अंतरावर. मुंबईची माणसं मांडव्याला बोटीनं उतरून, पैसे मोजून ज्या उन्हात लोळायला येतात, त्या उन्हाला हे गृहस्थ ‘पसारा’ म्हणतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन भांडतात. यांनी कॅमेरा घेतला, फ्लॅश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात असा शोध लावला, की फ्लॅशचा मुख्य दोष म्हणजे त्यातून उजेड येतो.

“उजेड पाडायला काय, बल्बलाही येतं. अडवायला अक्कल लागते,” हे त्यांचं लाडकं वाक्य. अडवण्याची सामग्री मात्र सगळी घरगुती. दूधपावडरच्या डब्याचं बूड कापायचं, आतून काळा कागद चिकटवायचा आणि डबा फ्लॅशच्या तोंडावर चढवायचा, की खोलीभर सांडणारा उजेड पेढ्याएवढा होऊन पडतो. त्याहून बारीक हवा असेल तर शहाळ्याच्या नळ्या. किनाऱ्यावरून काळ्या नळ्यांचे जुडगे आणून ते त्यांचे पेराएवढे तुकडे करतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांना डकवून फ्लॅशपुढे बसवतात. सरळ निघालेला उजेड तेवढा पार होतो, तिरका नळीतच अडकतो. शहाळेवालीनं एकदा माझ्या मुलीला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “पानी पित न्हायत, नुसत्या नळ्या नेतात. बरं हाय ना त्यांचं?” मुलगी सुनेच्या नात्यानं गप्प बसली. मी असतो तर खरं सांगितलं असतं.

या चिमूटभर उजेडाचे बळी म्हणजे घरात येणारी माणसं, आणि मुलीकडचा म्हणून पहिला मान माझा. माणगावहून धक्के खात पोचावं, चहाचा कप हातात यावा, तोवर स्टूल मांडलेलं असतं. हनुवटी वर, मान खाली, श्वास बंद. एवढं करून हाती आलेल्या फोटोत माझं कपाळ होतं आणि अर्धी मिशी होती. नाक कुठे गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “नाकाला उजेडाची गरज नव्हती.” मुलीच्या डोहाळजेवणाला तर त्यांनी कहर केला. फुलांची वाडी भरून ती मखरात बसली होती, आणि फोटोत आला फक्त हिरव्या बांगड्यांचा एक हात. माझी बायको म्हणाली, “ही कोण, ओळखायचं कसं?” व्याही शांतपणे म्हणाले, “आई ना तुम्ही? हातावरून ओळखा.” गणपतीच्या आधी कोकणात घरोघरी भिंतींना रंग लागतो. यांच्या माजघरालाही लागला, काळा. “पांढरी भिंत चहाडखोर असते, व्याही. उजेड मी एकाच्या कानात सांगतो, ती खोलीभर करते.” त्या वर्षी गणपती ओटीवर बसवावे लागले.

या तडाख्यातून सुटलेलं घरातलं एकच माणूस म्हणजे विहीणबाई. मुलीच्या लग्नानंतर काही महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. औषधांनी पुष्कळ सुधारलं, पण ओठाचा कोपरा आणि पापणी खाली ओढलेली राहिली ती राहिलीच. तेव्हापासून त्या फोटोला उभ्या राहत नाहीत. बारशाला नातू मांडीवर घेतला, सगळ्यांचे मोबाइल वर झाले, तसा त्यांचा पदर गालावर आला. वाडीत फिरताना व्याही एकदा मला म्हणाले, “नातवाला पुढे दाखवायला तिचा एक तरी फोटो हवा हो. तिला लाजावं लागणार नाही असा.” डब्यांचा आणि नळ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला. त्यामुळे स्टूल मऊ झालं, असं मात्र नाही.

गेल्या माघात विहीणबाई कशाबशा तयार झाल्या. काळ्या भिंतीपुढे त्या बसल्या, आणि त्यांच्या डावीकडे काळा पुठ्ठा धरून मी उभा. व्याह्यांनी नळ्यांचं पोळं इतक्या वेळा मागेपुढे केलं, की माझे हात भरून आले. शेवटी फ्लॅश उडाला. फोटोत भांगापासून हनुवटीपर्यंत उजवी बाजू तेवढी उजळली होती, डोळ्यात किंचित हसू होतं, बाकीचं सगळं अंधारात विरून गेलं होतं. फारच सुंदर दिसत होत्या त्या. मी पहिल्यांदाच व्याह्यांच्या फोटोला नावं ठेवायचं विसरलो.

विहीणबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“चांगला आलाय,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढत, “पण लोकांपासून लपवते ती मी. तुम्हीही लपवायला लागलात?”

“तुलाच नको होतं ना दिसायला?”

“लोकांनी बघायला नको होतं. तुम्ही तर रोज बघताच की.”

कॅमेरा हातात घेऊन व्याही तो फोटो पुसायला निघाले, तसा मी मध्ये पडलो. “अहो, राहू द्या. तुमचा सगळ्यांत चांगला फोटो आहे तो.”

“आहेच,” ते म्हणाले, आणि त्यांनी तो पुसला.

मग फ्लॅशवरचं सगळं काढून ठेवलं, मला पुठ्ठा खाली घ्यायला सांगितलं, आणि विहीणबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. त्यांनी गाल झाकला नाही, आणि फ्लॅश पुन्हा उडाला. फोटो म्हणून तो साफ फसलाय. कपाळ चकाकतंय, खाली माझ्या पुठ्ठ्याचा कोपरा आलाय, आणि विहीणबाईंचं हसू एकाच बाजूनं वर गेलंय. व्याह्यांनी तो मोठा करून ओटीवर लावलाय. आल्यागेल्याला ते बाकीच्या फोटोंतली करामत समजावून सांगतात, याच्यापाशी आले की काही न बोलता पुढे सरकतात. मीही तिथे थट्टा करत नाही.

परवा गेलो तेव्हा ते एकटेच त्या फोटोसमोर उभे होते. दारातलं ऊन काचेवर चमकत होतं, ते तळहातानं अडवून बायकोचा चेहरा बघत होते. माझी चाहूल लागली तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला.