आधी मानलेले आभार

आमच्या शरणपूरच्या गल्लीत देवाला सगळ्यात कमी त्रास देणारी बाई म्हणजे सिस्टरबाई. आम्ही बाकीचे प्रार्थनेत मागण्यांची यादी वाचायचो. या काही मागतच नसत, थेट आभार मानून मोकळ्या होत. तेही काम व्हायच्या आधी! तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई, पण शेजारच्या मुलाच्या बारावीच्या निकालाच्या आदल्या दिवशीच त्यांनी घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली, नानखटाई करून आणली. "सिस्टरबाई, निकाल तरी लागू द्या," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "परक्याकडून घेताना वस्तू हातात पडल्यावर आभार मानतात. बापाशी कसला हिशोब?" मुलगा दणकून नापास झाला. सिस्टरबाईंचं काही बिघडलं नाही. "अक्कल दिलीय त्याला देवानं," म्हणाल्या, "आता वापरेल."

त्यांचं माहेर नामपूर. वडील कांदा मार्केटात मापाडी. त्यांच्याबद्दल बोलताना सिस्टरबाई अगदी लहान होऊन जात. "भर गर्दीत मी लांबून हाक मारली, की काटा सोडून यायचे. व्यापारी बसायचा बोंबलत. मला दर वेळी काही हवं असायचं असं नाही गं, नुसती हाक मारायची असायची." प्रार्थना म्हणजे एवढंच, असं त्यांचं म्हणणं. डोळे मिटले की पहिलं वाक्य माहेरच्या अहिराणीत निघे, "बापा, शे ना तू?" मग जरा थांबत, 'आहे' असं उत्तर आल्यासारखी मान हलवत आणि पुढचं आमच्या मराठीत बोलत.

मला हे फार जड जाई. माझे वडील घरात शिरले की आम्ही भावंडं बोलायचं थांबवायचो. 'पिता' म्हटलं की मला त्यांच्या कमरेचा पट्टाच आठवे. एकदा सिस्टरबाईंना मी हे सांगून टाकलं. मला वाटलं, आता बायबलमधली वचनं ऐकावी लागणार. त्या मेथी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मग तुझ्या बापाला धरून बसू नकोस. थोडे दिवस माझा घे." मी हसले खरी, पण त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की नामपूरचा तो कधीही न पाहिलेला मापाडी डोळ्यांसमोर आणू लागले. हळूहळू मलाही हाक मारता येऊ लागली.

मग सुनीतीचं दुखणं निघालं. सुनीती ही त्यांची एकुलती एक लेक, शाळेत शिक्षिका. पोटात गाठ होती. ऑपरेशन गुरुवारी ठरलं आणि सिस्टरबाईंनी महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "सुनीती बरी झाल्याबद्दल उपकारस्तुतीची सभा, शनिवारी साडेपाच, आमच्या घरी." ऑपरेशन अजून व्हायचं होतं. थांबा म्हणायला हवं होतं, पण मीही सगळ्यांसारखे जोडलेले हात टाकले. ते अजून मला बोचतं.

सुनीती शुक्रवारी सकाळी गेली. ग्रुपवर त्या निमंत्रणाच्या खालीच दफनविधीची वेळ आली. संध्याकाळी मातीही झाली. सभा रद्द, असं मात्र कोणी लिहिलं नाही. कोण लिहिणार?

शनिवारी साडेपाचला आम्ही सगळ्या जणी गेलो. त्यांना एकटं सोडवेना, एवढंच कारण. दार उघडं होतं, सतरंजी अंथरलेली होती, टेबलावर आधीच करून आणलेल्या नानखटाईचे डबे होते. चर्चचे पाळकही आले होते; त्यांनी बोलायला सुरुवात केली तसा सिस्टरबाईंनी हात वर केला. "मी बोलावलंय सगळ्यांना. मीच करते." त्यांनी डोळे मिटले नाहीत. "बापा, लोक आभार मानायला आलेत. माझ्याकडे आज आभार नाहीत. मी तुझ्यावर रागावलेय. पण उठून जाऊ कुठं? दुसरं घर नाही मला. आमेन."

मग त्यांनी डबे उघडले आणि एकेकीच्या हातावर नानखटाई ठेवत गेल्या. आम्ही ती खाल्ली.

त्यानंतर चार वर्षं त्या जगल्या. दर रविवारी चर्चला येत, प्रार्थनाही करत. पण भांडण झाल्यावर एकाच घरात राहणारी माणसं बोलतात तशी, कामापुरती. सभा पुन्हा कधी ठेवली नाही. मला त्यांच्यासाठी भीती वाटे, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीच जास्त. माझ्याकडे होता तो बाप त्यांच्याकडूनच घेतलेला. त्यांनीच त्याला सोडलं असतं तर मी कोणाला हाक मारणार होते?

यंदा थंडीत त्यांना दवाखान्यात ठेवलं. मंगळवारी त्या गेल्या. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी उशाशी बसले होते. विचारलं, "प्रार्थना करू?"

"कर. पण आभारबिभार नको. आणि माझ्या वतीनं माफीही मागू नकोस."

"मग काय म्हणू?"

"येतेय म्हणून सांग. पुढचं मी बघते. माझी लेक कुठं ठेवलीस ते आधी दाखव, म्हणणार आहे. बाकीचं मग."

"सिस्टरबाई, देवाशी असं बोलायची भीती नाही वाटत?"

नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इतकी वर्षं काय शिकलीस गं माझ्याकडून?" म्हणाल्या. "बापाला विचारायची कसली भीती?"