मुद्दाम चुकवलेली उत्तरं

विमान उडवायला नजर तीक्ष्ण लागते आणि छातीत दम लागतो, अशी माझी समजूत होती. लेकीनं सैन्यदलाच्या वैमानिक प्रवेश परीक्षेचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा कळलं, की त्याआधी दातेरी चाकं लागतात. शिवाय कप्प्या, तरफा आणि पट्टे. ‘मेकॅनिकल’ नावाच्या या विभागात ती मागच्या वेळी आपटली होती. बाकी सगळीकडे मार्कच मार्क, आणि इथे जवळजवळ भोपळा. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती. यंदा हुकलं की पुढच्या वर्षी तिचा अर्जसुद्धा कुणी घेणार नव्हतं.

मी विरारच्या एका शाळेत मराठी शिकवते, सत्तावीस वर्षं झाली. घरात मिक्सर बंद पडला की मी नवऱ्याला हाक मारायची आणि त्यानं ‘तुला यातलं काय कळतंय’ म्हणायचं, अशी आमची वाटणी. त्यामुळे लेकीनं घड्याळ लावून मला समोर बसवलं तेव्हा मी नुसते प्रश्न वाचून दाखवणार होते. पण वाचता वाचता उत्तरच तोंडातून निघायला लागलं. शेजारशेजारची दोन दातेरी चाकं एकमेकांच्या उलट फिरतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वसईला आमच्या वाडीतल्या विहिरीवर रहाट होता आणि त्याच्या लाकडी दात्यांकडे बघत मी लहानाची मोठी झाले. ती बिचारी पेन्सिलीनं बाण काढत सूत्र आठवायची, तोवर माझा हात आपोआप वळलेला असायचा.

एकदा ती पट्ट्याच्या प्रश्नावर अडली. दोन चाकांवर पट्टा घातलाय, पण मधे फुली मारून. मग दुसरं चाक कुठे फिरेल? मी कपाटातून परकराची नाडी काढली, तांदळाच्या आणि डाळीच्या डब्यांभोवती घातली, मधे पीळ दिला आणि एक डबा फिरवला. दुसरा उलटा फिरला. नवरा पेपर खाली करून बघत राहिला.

खोटं कशाला बोलू, मी शेफारले. मग आम्ही दोघी एकाच वेळी सोडवायला लागलो आणि रोज मीच पुढे. आठ जास्त, नऊ जास्त. उत्तर तपासताना मी गुणगुणायचेसुद्धा. एका संध्याकाळी तिनं पुस्तक मिटलं, “तूच बस परीक्षेला,” म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. महिन्यावर परीक्षा आणि मी माझ्या हुशारीची मिरवणूक काढत बसले होते.

मग कॅरमला पोरांशी खेळताना सगळ्या आया जे करतात ते मी केलं. हरायला लागले. अधूनमधून एखादं चुकवायचं, कपाळाला हात लावायचा. चार दिवस छान गेले. ती पुन्हा बसायला लागली, जेवताना बोलायला लागली. पाचव्या दिवशी फुली मारलेला पट्टा आला आणि मी ठोकून दिलं, “दोन्ही चाकं एकाच बाजूला.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“आई, हे तू मला नाडीनं शिकवलंयस.”

“विसरले गं.”

“तू आणि विसरशील? सातवीतल्या पोरांच्या चुका तुला दहा वर्षांनी आठवतात.”

ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. “मी हरतेय ना, मग मला हरू दे,” ती म्हणाली. “विमान घेऊन वर गेल्यावर माझ्यासाठी मुद्दाम कोण चुकणार आहे?”

पोरीनं माझा कान धरला आणि तो धरायलाच हवा होता. दोन मार्क वाढवून द्या म्हणून मागे लागणारी मुलं मी ढिगानं पाहिली आहेत. मिळालेले मार्क परत करणारी ही पहिलीच.

त्यानंतर ती रोज हरायची आणि हरल्यावर खुर्ची माझ्याजवळ ओढायची. “तुला कसं दिसलं ते सांग.” ज्याच्याकडून हरलो त्याच्याचसमोर, तेही आईसमोर, शिकायला बसणं मला या जन्मात जमलं नसतं. खालच्या पिठाच्या गिरणीत ती दळण नसतानाही जाऊन उभी राहायची, मोटारीचा पट्टा बघत. नऊचं अंतर पाचावर आलं, मग दोनावर. शेवटच्या आठवड्यात आम्ही बरोबरीत होतो आणि मी खरोखर जीव तोडून सोडवत होते.

परीक्षा वसई पूर्वेच्या एका केंद्रात होती. मी गेटबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबले. ती बाहेर आली आणि पेपर कसा गेला हे विचारायच्या आत माझ्या पर्समधलं पेन काढून माझ्याच तळहातावर तीन दातेरी चाकं काढली. त्रिकोणात, तिन्ही एकमेकांना भिडलेली.

“पहिलं उजवीकडे फिरवलं. तिसरं कुठे?”

मी बोट फिरवलं. पहिलं उजवीकडे, दुसरं डावीकडे, म्हणजे तिसरं... “उजवीकडे.”

तिचा चेहरा पडला. “आई, परत?”

“नाही गं, तुझी शपथ. उजवीकडेच ना?”

तिनं माझा तळहात जवळ ओढला, तिसऱ्या चाकावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, “तिसरं पहिल्यालाही भिडलंय. शेजारची दोन चाकं एकाच बाजूला कशी फिरतील? कुठलंच फिरत नाही. तिन्ही अडकलीत.”

मी पुन्हा बोट फिरवलं. खरंच की. मला ते आलं नव्हतं, आणि हिला आत, घड्याळ चालू असताना, एकटीला आलं होतं. निकाल पुढे महिन्याभरानं लागला आणि ती पास झाली, पण मी रडले ती त्या दिवशी, त्या रसवाल्यासमोर. ती घाबरली. माझा हात धरून विचारायला लागली, काय झालं, बरं वाटत नाहीये का.

“काही नाही गं,” मी म्हटलं. “खरी हरले.”