सावंतबाईंचं नवं नाक

स्टाफरूममध्ये किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात आणि मधल्या सुट्टीत चहाबरोबर बाहेर पडतात. रत्नागिरीच्या आमच्या शाळेत मात्र गेली दोन वर्षं बहुतेक किस्से एकाच नाकाचे. नाक सावंतबाईंचं! बाई खेळाच्या शिक्षिका. मुलींना खो-खो शिकवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य उन्हात गेलं.

*

नाकाच्या शेंड्याजवळ एक काळसर पुटकुळी आली. बरी होईना, मधूनच रक्त यायचं. स्टाफरूमने लगेच ट्रीटमेंट सुरू केली. कुणी हळद सुचवली, कुणी कोरफड. मी तर सायन्सची बाई असून तुरटी सुचवली!

शेवटी बाई स्किनच्या डॉक्टरांकडे गेल्या. तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला. त्वचेचा कॅन्सर.

आम्ही चहाचे कप खाली ठेवले. बाईच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, हा आळशी आहे, सहसा लांब पळत नाही. मग काय, बसल्या जागी आऊट करू!"

*

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. कॅन्सर पूर्ण निघाला, पण नाकाला खड्डा पडला. तो भरायला कपाळाची कातडी खाली वळवून नाकावर शिवली. ती रुजेपर्यंत रक्त मिळावं म्हणून भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक पट्टा काही आठवडे तसाच ठेवलेला.

हेडसर शहाळं घेऊन भेटायला गेले आणि दारातच थबकले. नजर कुठे ठेवावी, कळेना.

बाई म्हणाल्या, "सर, सोंड नीट बघून घ्या. आणि शहाळं कसलं आणलंत? मोदक आणायचे!"

*

पण बाई काही सारख्या हसत नव्हत्या. पट्टा कापल्यावर त्यांनी पहिल्यांदा आरसा मागितला, तेव्हा मी तिथे होते. नाक सुजलेलं, जाड, टाक्यांच्या लालभडक रेघा. बराच वेळ बघितलं, आरसा पालथा घातला आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"मुली काय म्हणतील गो?"

डॉक्टर शेजारीच उभे होते. "बाई, आत्ताचं नाक बघून निकाल लावू नका. खरं नाक दिसायला वर्ष लागेल. मी सांगेन तेव्हा मसाज सुरू करा. आणि ऊन टाळा."

बाईंनी डोळे पुसले. "ऊन टाळू? अहो डॉक्टर, मी खो-खो शिकवते! वर्गात बसून परीक्षा नाही घेत!"

शेवटी मोठी टोपी, सनस्क्रीन आणि पहाटेची प्रॅक्टिस यावर तडजोड झाली.

*

बाई शाळेत परतल्या, त्या पहिल्या दिवशी मुली रांगेत उभ्या. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. बाईंनी शिट्टी मारली. "वर बघा! एकदा पोटभर बघून घ्या, मग खेळायचं!"

मिरकरवाड्याची शबाना, टीमची कॅप्टन, पुढे आली. निरखून बघितलं.

"बाई, दुखतं काय?"

"नाही."

"मग एवढे महिने प्रॅक्टिस बुडवलीत, राउंड मारा!"

नियम बाईंचाच होता. बाईंनी टोपी घट्ट केली आणि पळायला लागल्या. मागोमाग अख्खी टीम!

*

नव्या नाकाची एक गंमत आहे. त्याला हात लावला की बाईंना तो कपाळावर लागतो. एकदा प्रार्थनेत नाकावर माशी बसली, तर बाई कपाळ झटकतायत!

मी विचारलं तर म्हणाल्या, "कातडीची बदली झाली, पण ऑर्डर अजून मेंदूकडे पोचलेली नाही!"

*

त्या वर्षी मुली खो-खोत जिल्ह्यात पहिल्या आल्या, कप घेऊन फोटो काढायचा ठरला. फोटोग्राफर बाईंना हळूच म्हणाला, "तो कपाळावरचा व्रण कॉम्प्युटरवर काढून टाकतो. कुणाला कळणार पण नाही."

"कपावरचं नाव पुसणार आहेस?"

"नाही हो बाई!"

"मग हेही राहू दे. दोन्ही जिंकलेलंच आहे."

फोटो हेडसरांच्या केबिनमध्ये लावलाय. व्रणासकट!

*

आणि हा गेल्या महिन्यातला. पावस गावचे एक आंबा बागायतदार बायकोबरोबर शाळेत आले. त्यांच्याही नाकावर तोच आजार, पण ऑपरेशनला ठाम नकार. "तसलं तोंड घेऊन माणसांत कसा जाऊ?" हाच हट्ट. डॉक्टर म्हणाले होते, आधी सावंतबाईंना भेटून या.

बाई आणि मी शेजारीशेजारी बसलो होतो. एव्हाना बाईंच्या नाकाची सूज पार उतरलेली, रेघा पुसट झालेल्या, कपाळावर केसांची बट. काकांनी चष्मा चढवला, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुर्ची ओढून थेट माझ्यासमोर बसले!

माझं नाक वडिलांवर गेलंय. रुंद, मध्ये उंचवटा. त्याला आजवर कुठल्याही डॉक्टरचा हात लागलेला नाही.

काकांनी ते डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "बरं बसवलंय हो! जरा जाड राहिलंय, पण माझं एवढं झालं तरी चालेल. डॉक्टरांना सांग, तारीख द्या म्हणावं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझा हात दाबला आणि अगदी गंभीरपणे काकांना म्हणाल्या,

"सूज आहे तिला अजून. मसाज चालू आहे."