मिठाच्या वाटेवरचं दीपगृह

पुसदजवळच्या बंजारा तांड्यातल्या लालीबाईला अक्षर येत नव्हतं, पण म्हाताऱ्यांना बोलतं करायची भारी हौस. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे फिरत, तेव्हा मीठ कुठल्या घाटाने वर यायचं, मुक्काम कुठे पडायचे, हे ती विचारून घ्यायची आणि लग्नकार्यात बायकांना सांगायची. बहुतेक गोष्टी तिच्या वडिलांच्या, खेमसिंगच्या.

त्यातली एक सांगताना तिचा आवाज उतरायचा. खेमसिंग आणि त्याचा धाकटा भाऊ फुलसिंग मीठ आणायला कोकणातल्या एका बंदरावर गेले होते. तिथल्या दीपगृहाखाली लाटेने फुलसिंगला ओढून नेलं. त्याच्याशी लग्न ठरलेली रुपीबाई मग खेमसिंगला दिली. लालीबाई या दोघांचीच मुलगी.

१९६१ साली तिचा मुलगा उत्तमसिंग रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून त्याच बाजूला गेला. हट्ट करून तीही गेली. काकाच्या नावाने समुद्रात फुलं सोडायची, एवढंच मनात होतं.

वडिलांनी सांगितलेल्या खुणा जुळल्या. खाडीचं तोंड, काळ्या दगडाचा गोल मनोरा, मागे गोड्या पाण्याची विहीर. दिवा कधीचाच बंद पडलेला. नवा पलीकडच्या टेकडीवर होता. जुन्या दिव्यावर नोकरी केलेला धाकू नावाचा म्हातारा तिथेच झोपडीत राहायचा. लालीबाईचा घागरा आणि हातभर बांगड्या बघून तो उठून उभा राहिला.

"फुलसिंगाची कोण तू?"

"पुतणी. तो अठी बुडला होता ना?"

"बुडला? दोन वर्षांमागं वारला तो, माझ्या मांडीवर."

धाकूने सगळं सांगितलं. फुलसिंग तापाने फणफणला होता. भावाने त्याला दिव्याच्या ओसरीवर निजवलं आणि पहाटे बैल हाकून निघून गेला. ताप उतरल्यावर फुलसिंग दिव्याला तेल घालायच्या कामाला लागला. वर गेला की समुद्राकडे न बघता घाटाच्या वाटेकडे बघायचा. एका मीठवाल्याबरोबर त्याने निरोपही धाडला. मीठवाला परत येऊन म्हणाला, तुझ्या भावाचं लग्न झालंय, येऊ नको असं त्यानं सांगितलंय.

लालीबाईने आणलेली फुलं विहिरीपाशी ठेवली. समुद्राकडे ती गेलीच नाही.

तांड्यात परतली तेव्हा खेमसिंग बाजेवर बसला होता. रुपीबाई चुलीपाशी होती. लालीबाईने तिच्यासमोरच विचारलं, "बा, काका जिता होता हे तुले मालूम होतं?"

खेमसिंगने बाजेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, "मले वाटलं, तो जगत नाही."

"मंग निरोप आला तवा? याडीले काहून नाही सांगितलं?" तिने आईकडे हात केला.

"तवा तू पोटात होतीस."

रुपीबाईने हातातली भाकर तव्यावर टाकली, भाजली, नवऱ्याच्या ताटात वाढली. मग पदर झटकून लेकीला म्हणाली, "चाल, तुया घरी."

ती पुन्हा त्या घरात आली नाही. खेमसिंग आणखी तीन वर्षं जगला. लालीबाई त्याला दोन्ही वेळा जेवण नेऊन द्यायची, पाणी भरायची, दुखण्यात पायही चेपायची. पण जुन्या वाटांबद्दल त्याला काही विचारलं नाही. तो कधी आपणहून सांगायला लागला तर ताट उचलून निघून यायची. खरं काय न् खोटं काय, आता कोणाला विचारायचं, असं ती आईला म्हणायची.