पुढचे दोन त्याचे, मागचे दोन माझे

आमच्या घरात एखादा वाद बोलून मिटला असं मला आठवत नाही. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी आठवीत असताना त्यानं माझा पुढचा दात पाडला आणि त्याच वर्षी मी त्याच्या पाठीत सायकलचा पंप घातला. कोणाचं चुकलं हे न विचारता वडील दोघांनाही बडवायचे. पुढे लग्नं झाली, केस पिकले, पण हात शिवशिवायचे ते शिवशिवायचेच. फरक एवढाच की आता मारामारी शक्यतो दार लावून व्हायची.

दादाचा हात मात्र साधासुधा नव्हता. तो कसबा पेठेत वडिलांच्या जागेत बसून तांब्याची भांडी मठारतो. म्हणजे हंडा, बंब, जे असेल त्याच्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठोके घालत जायचं, ओळीनं, एकाला एक लागून, की पत्रा घट्ट होतो आणि झळाळतो. हे सगळं उजव्या हाताचं काम. मीही लहानपणी करून पाहिलं. माझे ठोके बघून वडिलांनी भांडं मोडीत टाकलं आणि मला कॉलेजच्या ऑफिसात चिकटवलं. आयुष्यभर ठोके ऐकून दादाचे कान निम्मे गेले होते, पण हात शाबूत होता. त्या हातावर त्याचं घर चालायचं आणि खरं सांगायचं तर त्याचा सगळा तोराही.

आम्ही दोघं कर्वेनगरला एकाच सोसायटीत राहतो, तो दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. पार्किंग दोघांत एकच मिळालं, म्हणून गाडीही दोघांत एकच घेतली, इलेक्ट्रिक. शेजाऱ्यांनी तेव्हाच भविष्य वर्तवलं होतं की हे दोघं गाडीत बसून एकमेकांचा जीव घेणार. दोन वर्षांत चारही टायर टकले झाले. बॅटरीमुळं गाडी मुळात जड, आणि ॲक्सिलरेटर दाबला की पहिल्या क्षणापासून सगळा जोर चाकांवर येतो. त्यात दादाचा पाय त्याच्या हातासारखाच, दणके देणारा.

मग सुरू झाली टायरची तुलना. पंधरा दिवस मी दुसरं काही वाचलं नाही. इलेक्ट्रिक गाडीला उन्हापावसात, बारा महिने वापरता येतील असे टायर आमच्या मापात दोन तऱ्हेचे मिळत होते. एक कडक रबराचा, हलका पळणारा, त्यामुळं एका चार्जिंगमध्ये गाडी जास्त जाते, झिजतो कमी आणि आवाज जवळजवळ नाहीच. दुसरा मऊ, खोल नक्षीचा, पाणी बाजूला फेकून रस्ता घट्ट धरणारा, पण लवकर झिजणारा आणि सतत घूं घूं करणारा. मला पहिला हवा होता. दादाला अर्थातच दुसरा. मी आवाजाचा मुद्दा काढला तर म्हणाला, मला कुठं ऐकू येतंय. त्याच्या नजरेत पकड हीच गोष्ट खरी, बाकी सगळी कारकुनी.

कारकुनी म्हणाला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी समोरची आमटीची वाटी त्याच्या अंगावर फेकली. त्यानं उठून माझी कॉलर धरली आणि मला फ्रिजवर असं आपटलं की वरचा मिक्सर खाली आला. वहिनींनी कुकरचं झाकण ओट्यावर दाणदाण वाजवलं, तेव्हा कुठं आम्ही सुटलो. त्या मला म्हणाल्या, भावजी, उद्या दुकानात जा आणि तिथं काय ते मरा.

दुकानात जाऊनही तेच. मी टायरवरचे आकडे दुकानदाराला वाचून दाखवत होतो, तर दादानं मला खांद्यानं ढकललं आणि मी टायरच्या थप्पीवर जाऊन पडलो. उठलो तो नट खोलायचा पाना हातात घेऊनच. दुकानदार आमच्याच वयाचा, शांत गृहस्थ. त्यानं माझ्या हातातून पाना काढून घेतला, जागेवर ठेवला आणि विचारलं, आपण टायर निवडताय की वाटण्या करताय? त्यावर दादानं तोडगा काढला. दोन त्याचे घ्यायचे, दोन माझे. गाडी तीच, रस्ता तोच, मग कळेलच कोण खरं ते. दुकानदार म्हणत होता की चारही सारखे घ्या. पण आम्हाला दुसऱ्याचं ऐकून समाधान मिळत असतं तर काय हवं होतं!

दादा समोर चहा प्यायला गेला. तेवढ्यात दुकानदार माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मिसळायचेच असतील तर जास्त पकडीचे मागं लावा. पावसात पुढचं घसरलं तर माणूस सावरतो. मागचं घसरलं तर गाडी कोणाच्या बापाला ऐकत नाही."

मी मान डोलावली. पण मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. आमच्या गाडीची मोटर पुढच्या चाकांना फिरवते, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. दादाचे मऊ टायर पुढं लागले तर वर्षभरात त्यांची सालं निघतील, माझे मागं नव्यासारखे राहतील, आणि मी जिंकेन. मला जिंकायचं होतं. त्या माणसाविरुद्ध मी जन्मात एकदाही जिंकलो नव्हतो.

दादा चहा पिऊन आला आणि आपणहून म्हणाला, ओढणारी चाकं पुढं, तेव्हा माझे पुढं लागतील. मी म्हणालो, बघ बाबा, तुझी मर्जी. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं न बघता म्हणालो, लावा. त्यानं पावतीच्या मागं 'ग्राहकाच्या सांगण्यावरून' असं लिहून माझी सही घेतली. दुकानदारांची हीच रीत, गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही, लेखी ठेवायचं.

पुढं दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तपासणी असायची. दादा तांब्याची एक पातळ पट्टी नक्षीत खुपसायचा आणि खिळ्यानं तिच्यावर खूण करायचा, मी ती मोजून वहीत मांडायचो. त्याच्या खुणा भराभर खाली सरकत होत्या, माझी एकाच जागी होती. मी वहिनींसमोर मुद्दाम मोठ्यानं विचारायचो, काय म्हणतेय पकड? एकदा त्यानं तिथल्या तिथं माझ्या मुस्काटात दिली. गाल तासभर चुरचुरत होता आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या.

श्रावणातली दुपार. रस्ता ओला, वर भुरभुर. दादा म्हणाला, झीज पुष्कळ मोजलीस, आज पावसात पकड बघ. तो गाडी चालवत होता, मी शेजारी मांडीवर वही घेऊन. वारज्याच्या पुढं उताराला वळण आलं आणि त्यानं वेग कमी केला नाही. पुढच्या चाकांनी रस्ता असा धरला की मलाही पटलं. तो हसला. बघितलंस, म्हणाला. मग पुढं एक टेम्पो दिसला म्हणून त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इलेक्ट्रिक गाडीत नुसता पाय उचलला तरी ब्रेक लागल्यासारखी गाडी स्वतःला आवरते, आणि आमच्या गाडीत ते पुढच्या चाकांतूनच. पुढची चाकं आवरली. मागची, माझी, आवरली नाहीत.

गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला. दादा स्टिअरिंगशी झटत होता, शिव्या घालत होता. आम्ही गर्रकन फिरलो आणि त्याच्या बाजूनं सिमेंटच्या दुभाजकावर आदळलो. आवाज झाला तो मोठ्या हंड्यावर घण घातल्यासारखा. दार आत आलं. काचा माझ्या तोंडावर आल्या. दादाचा उजवा हात कोपरापासून दारात अडकला होता आणि ज्या दिशेला वळायला नको त्या दिशेला वळला होता. तो ओरडत नव्हता. नुसता हाताकडं बघत होता.

मी माझ्या बाजूनं बाहेर पडलो. एक मोटारसायकलवाला थांबून मोबाइलवर आमचं चित्रीकरण करत होता. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला, मोबाइल पाण्यात पडला त्यावर पाय दिला. त्यानं माझा ओठ फोडला. आम्ही दोघं चिखलात लोळलो. लोकांनी सोडवलं, आणि मग त्याच माणसानं माझ्याबरोबर दार ओढलं. दार उघडलं तेव्हा त्याच्या शर्टभर माझ्या भावाचं रक्त होतं. मला त्याची माफी मागायचंही सुचलं नाही.

दोन ऑपरेशनं झाली, हाडांना धातूच्या पट्ट्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, हात राहिला हेच पुष्कळ. छातीच्या वर जाणार नाही आणि जोर येणार नाही. हातोडी विसरा.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच सांगायचा, की चूक माझीच, पुढं लावा म्हणून मीच म्हणालो. वहिनी त्याला फाडून खायच्या. हौस फिटली का, म्हणायच्या, आणि मग बाहेर जाऊन रडायच्या. मी तिथंच असायचो, पाण्याचा ग्लास हातात धरून. लाज वाटत होती, पण भीती जास्त वाटत होती. एके दिवशी वहिनी औषधं आणायला गेल्या असताना तो मला म्हणाला, "जिंकलास रे. तुझे अजून नव्यासारखे आहेत." तो चिडवत नव्हता. त्यानं खरोखर हार मानली होती.

पाच महिन्यांनी, सकाळच्या वेळी, मी कसबा पेठेत त्याच्या जागेत गेलो. तो एका हंड्यावर डाव्या हातानं ठोके घालून बघत होता. ठोके वेडेवाकडे, माझ्या लहानपणच्या ठोक्यांसारखे. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. त्यानं कानाला हात लावला, ऐकू आलं नव्हतं. आळीत दहा ठिकाणी हातोड्या चालू होत्या. मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा मान हलवली. मग मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो.

"दादा, दुकानदारानं मला सांगितलं होतं! तुझे मागं लावायला हवे होते. मला माहीत होतं. मला जिंकायचं होतं म्हणून मी गप्प बसलो!"

शेजारची हातोडी थांबली, मग पलीकडची. आख्खी आळी ऐकत होती. दादानं डाव्या हातातली हातोडी खाली ठेवली. तो उठला, माझ्याजवळ आला, त्याचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला होता. मी डोळे मिटले नाहीत. म्हटलं, मार, हवं तेवढं मार.

त्यानं सवयीनं उजवा हात उगारला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यानं दात आवळून पुन्हा जोर लावला. हात तिथंच थरथरत राहिला. दादा हाताकडं तसाच बघत होता, जसा त्या दिवशी गाडीत.

माझ्यानं बघवेना. मी गुडघ्यांवर बसलो आणि गाल त्याच्या हाताच्या उंचीला आणला. त्यानं मारलं, सगळा जीव एकवटून मारलं. मला लागलंच नाही.