सकाळचं भांडण

मराठीसाठी त्याच्याइतका तावातावाने भांडणारा माणूस गोव्यातल्या आमच्या मये गावात दुसरा नव्हता, आणि तो भांडायचा कोंकणीत. धंदा सुतारकीचा. रंधा चालवताना गप्प असे, पण गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी हा विषय निघाला की रंधा ठेवून, मानेच्या शिरा ताणून उभा राही. कोणी हसलं तर म्हणे, "झगडें आवयच्या भाशेन करतात, आरती मराठींतल्यान. हांतूंत हांसपासारकें कितें?" आवय म्हणजे आई; भांडण आईच्या भाषेत आणि आरती मराठीत, हा त्याचा सरळ हिशेब.

भाषेचा वाद पेटला त्या वर्षी गणेश चवथीला आमच्या वाड्यावर ठरलं, कोंकणीवाल्या मास्तरांकडे आरतीला कोणी जायचं नाही. मास्तरांशी सर्वांत जास्त भांडलेला हाच. त्याच दिवशी सकाळी तिठ्यावर दोघे एकमेकांच्या अंगावर जायचेच बाकी होते.

संध्याकाळी तो आरतीला वाजवायचं घुमट, ते चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, गळ्यात अडकवून मास्तरांच्या घराकडे निघाला. आम्ही वाट अडवली.

"मास्तराचें मत माका जल्मांत पटचें ना," तो म्हणाला. "पूण गणपतीन कितें केलां? आनी परक्यावयर कोण इतलो तापता? मास्तर आपलो, म्हणूनच हांव तापतां. सरा कुशीक."

आम्ही बाजूला सरलो आणि कुंपणाबाहेर थांबून ऐकत राहिलो. आत त्याचं घुमट, मास्तरांची झांज, आणि दोघांच्याही तोंडी तीच मराठी आरती. शेवटचा गजर झाला. प्रसाद वाटला गेला. मग सकाळच्या भांडणाचं तुटलेलं टोक शोधत त्याचा चढा आवाज कुंपणापर्यंत आला.

"हां मास्तर, सकाळचें झगडें खंय पावलेलें?"