अर्धी आयत

मास्तर कुणाला अर्धी ओळ वाचू द्यायचे नाहीत. अकोल्याच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस बातमी संपेपर्यंत मथळासुद्धा खरा धरत नसे. मी अमरावतीहून शांततेची पत्रकं घेऊन गेलो, तो शाबासकी घ्यायच्या तयारीनं. वर कुराणातलं वचन ठळक छापलं होतं : एका निरपराध्याला मारणं म्हणजे साऱ्या माणसांना मारणं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "आयत अर्धीच छापली, भाऊ. एक जीव वाचवला त साऱ्यायले वाचवलं, असं पुढं हाये. ते काहून गाळलं?"

जागा नव्हती, मी म्हणालो.

"मारू नको म्हनाले जागा हाये, वाचव म्हनाले नाही?"

राग आला. आम्ही उन्हात पत्रकं वाटायची आणि यांनी घरात बसून चुका काढायच्या! पण हा माणूस कशाच्या बळावर इतका शांत, ते बघावंसं वाटलं. जात राहिलो. पुढच्या पत्रकातली 'सहिष्णुता'ही त्यांनी खोडली. सहन दातदुखी करतात, शेजारी नाही, म्हणाले.

मग अकोल्यात दंगल झाली. त्यांचा जुना विद्यार्थी सलीम, त्याचं शिलाईचं दुकान जळालं. समोरचं रमेशचं सायकल दुकान तसंच राहिलं. कुणीतरी सलीमला मोबाईलवर तावातावाचं भाषण ऐकवलं. मी मास्तरांकडे बसलो असताना तो आला. रमेशचं दुकान आता राहणार नाही, लढा असं किताबातच आहे, म्हणाला.

मास्तरांनी कुराणाचा उर्दू तर्जुमा, म्हणजे अनुवाद, त्याच्याच हातात दिला. जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, इथं सलीम थांबला.

"आगे पढ."

पुढं होतं : पण हद्द ओलांडू नका.

"रमेश लढा तेरे से?"

"नहीं, सर. मगर बुझाने भी नहीं आया."

यावर मास्तर किताबात काही शोधायला गेले नाहीत. काठी घेतली, आम्हा दोघांना घेऊन रमेशकडे गेले. काहून नाही आला, एवढंच विचारलं.

रमेशनं हातातला पाना खाली ठेवला. "भेलो, सर. शटर लावून अंदर बसलो होतो."

सलीमनं माफ केलं नाही. जाळलंही नाही.

यंदा मास्तर गेले. त्या दंगलीच्या दिवशी अमरावतीत आमच्या गल्लीतही एका घरावर दगड पडले होते. तू कुठं होता, हे मास्तरांनी मला कधीच विचारलं नाही. मी दाराला कडी लावून नवं पत्रक लिहीत होतो.